डोक्याच्या जागी दिवा: सास्तीची माणसं आणि आबाजींचा कोट

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ती वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. चित्रांबद्दल नुसतं आवाजात बोलायचं म्हणजे फोनवरून भाजीची चव सांगण्यासारखं आहे, हे मला कळतं. म्हणून एक करा. जिथे चित्राचं नाव येईल तिथे पॉज करा, फोनवर ते शोधा, दोन बोटांनी मोठं करून बघा आणि मग पुढे या. विषय आहे सरिअल पोर्ट्रेट. मराठीत त्याला अतिवास्तव व्यक्तिचित्र म्हणतात, पण शब्दाला घाबरू नका, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एक असेलच. आमच्याकडे आहे.

आमचं घर कुरखेड्याला. गडचिरोली जिल्हा, वडशाच्या पुढे. समोरच्या खोलीत दाराच्या वर आबाजींचा फोटो आहे. आबाजी म्हणजे माझे आजोबा. ते गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. एक आधार कार्डावरचा, त्यात डोळे अर्धे मिटलेले. दुसरा कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ते पंगतीत वाढताना पाठमोरे दिसतात. तेरवीला तर फोटो लागतोच. काका आधार कार्ड घेऊन एका स्टुडिओत गेला आणि संध्याकाळी फ्रेम घेऊन आला. निळा कोट, लाल टाय, मागे धबधबा, आणि वर आबाजींचं डोकं. डोळेसुद्धा उघडून दिलेले.

आबाजींनी जन्मात कोट घातला नव्हता. धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा. पावसाळ्यात धानाचं रोवणं, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची फळी, मधल्या काळात मोहफूल. पाठीला कायमचा पोक आलेला. आजीने फ्रेम हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "तोंड तं त्याईचंच आहे. पन बाकीचा मानूस कोन होय?"

अतिवास्तव चित्राबद्दल मी नंतर बरंच काही वाचलं. पण आजीच्या या प्रश्नाइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही.

कारण अतिवास्तव म्हणजे नुसतं विचित्र नाही. वेडेवाकडे फराटे मारले की ते अतिवास्तव होत नाही. त्यात प्रत्येक तुकडा अगदी खरा, ओळखू येणारा लागतो. फक्त जोडणी चुकलेली असते. स्वप्नात कसं, चेहरा आईचा असतो पण ती तुमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये बसलेली असते, आणि स्वप्न चालू असेपर्यंत आपल्याला त्यात काही खटकत नाही. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँने या चळवळीचा जाहीरनामा काढला तेव्हा त्याला हेच पाहिजे होतं, स्वप्नाचा हिशोब जागेपणी मांडणं.

त्या मंडळींपैकी मॅक्स अर्न्स्ट आपल्या कामाचा आहे. त्याने जुनी सचित्र पुस्तकं, कथांचे अंक, कॅटलॉग जमवले. त्या काळी अशा पुस्तकांतली चित्रं लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापलेली असायची, बारीक बारीक रेघांची. अर्न्स्टने ती कात्रीने कापली आणि दुसरीच जुळवली. १९३४ मध्ये त्याचं एक पुस्तक आलं, 'उन सेमेन द बाँते', म्हणजे चांगुलपणाचा एक आठवडा. १८२ चित्रं, शब्द जवळजवळ नाहीतच. त्यात सुटाबुटातले सद्गृहस्थ आहेत, पण कुणाला सिंहाचं डोकं, कुणाला पक्ष्याचं. आणि चित्रं पुन्हा छापून काढल्यामुळे चिकटवल्याची कड कुठेच दिसत नाही.

आता बघा, आमच्या स्टुडिओवाल्याने फोटोशॉपमध्ये हेच केलं, फक्त उलट्या बाजूने. अर्न्स्टने कोट तसाच ठेवला आणि डोकं बदललं. त्याला दाखवायचं होतं की या इभ्रतीच्या कोटाखाली जनावर आहे. स्टुडिओवाल्याने डोकं ठेवलं आणि खालचा माणूस बदलला, कारण आबाजींना इभ्रत द्यायची होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण जे त्याने पुसलं ते पोक, तो दुपट्टा, ते हात, तेच तर आबाजी होते.

छापाचित्रातच ही मंडळी का सापडतात

असली व्यक्तिचित्रं शोधायला लागलो तर एक गोष्ट लक्षात आली. तैलरंगापेक्षा ती छापाचित्रांत जास्त धीट आहेत. छापाचित्र म्हणजे प्रिंटमेकिंग. धातू, लाकूड, दगड किंवा लिनोवर चित्र तयार करायचं आणि त्यावरून कागदावर छापे काढायचे.

कारण साधं आहे. तैलरंगातलं व्यक्तिचित्र बहुतेक वेळा ज्याचं असतं तोच पैसे देऊन काढून घेतो. स्वतःला गाढव दाखवायला कोण पैसे देईल? छापा स्वस्त, अनेक निघतात, कुणालाही विकता येतात. स्पेनमधला गोया दरबारी चित्रकार होता, राजघराण्याची चित्रं काढायचा. त्यानेच १७९९ मध्ये 'काप्रिचोस' हा ८० छाप्यांचा संच काढला आणि माद्रिदमध्ये चक्क एका अत्तराच्या दुकानातून विकायला ठेवला. त्यातलं ४१ नंबरचं चित्र शोधा. एक माकड ईझलसमोर बसून गाढवाचं व्यक्तिचित्र काढतंय, आणि कॅनव्हासवरच्या गाढवाला न्यायाधीशासारखा केसांचा टोप दिलाय. म्हणजे स्टुडिओवाला, गिऱ्हाईक आणि कोट, तिन्ही एका चित्रात. संच थोड्याच दिवसांत गोयाने विक्रीतून काढून घेतला आणि १८०३ मध्ये तांब्याचे पत्रे राजाच्या हवाली केले. मेक्सिकोच्या पोसादाने पुढे शंभरेक वर्षांनी जस्तावर सांगाडे काढले. टोपी घातलेला, नटलेला बाईचा सांगाडा, कात्रिना, तुम्ही टी-शर्टवर नक्की पाहिला असेल. तो मुळात रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पत्रकांसाठी होता.

आता हे होतं कसं, ते सांगतो. इथे माझं बीटेक पहिल्यांदा कलेच्या कामी आलं.

इंजिनिअरिंगला ज्यांनी सर्किटचा पीसीबी बनवलाय त्यांना ते तपकिरी पाणी आठवत असेल. फेरिक क्लोराइड. तांब्याचा थर असलेली पाटी, त्यावर मार्करने सर्किट काढायचं आणि पाटी त्या द्रावणात सोडायची. मार्करखालचं तांबं वाचतं, उघडं तांबं विरघळून जातं. बोटं पिवळी होतात, शर्टावर पडलं तर शर्ट गेला. एचिंग हे तेच आहे. कित्येक छापाचित्रकार तांब्यासाठी आजही हेच फेरिक क्लोराइड वापरतात. मला हे कळलं तेव्हा हसू आलं, कारण लॅबमध्ये आम्ही चार वेळा फसलो होतो आणि गोयाच्या जातीचं काम करतोय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

फरक एवढाच की चित्रकार उलटं करतो. तो अख्ख्या पत्र्यावर मेणासारखा थर चढवतो. मग सुईने त्या थरावर चित्र ओरखडतो. धातू खरवडायचा नाही, फक्त थर उघडा करायचा. पत्रा आम्लात गेला की उघड्या रेघांमध्ये आम्ल शिरतं आणि धातू खातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल. मग थर पुसून टाकायचा, पत्र्यावर शाई चोपडायची आणि जाळीच्या कापडाने वरवरची शाई पुसून घ्यायची. शाई फक्त खड्ड्यांत उरते. वर ओलसर कागद ठेवून जड रुळांच्या प्रेसमधून पत्रा फिरवला की कागद दाबाने त्या खड्ड्यांत उतरतो आणि शाई उचलून आणतो. चित्र उलटं येतं, डावं ते उजवं.

आणि करडा रंग पाहिजे असेल तर? त्यासाठी राळेची बारीक पूड पत्र्यावर भुरभुरायची, खालून तापवून चिकटवायची. आम्ल त्या कणांच्या मधून मधून खातं आणि लाखो सूक्ष्म खड्डे पडतात. त्याला अॅक्वाटिंट म्हणतात. गोयाची रात्र या राळेच्या पुडीतून आलीय.

शेवटी छाप्याखाली पेन्सिलीने ५/२० असं लिहिलेलं असतं. वीसपैकी पाचवा. वीस काढून झाले की कित्येक चित्रकार पत्र्यावर आडवी रेघ मारून तो बाद करतात. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे पचायला जड जातं, सोर्स फाइल स्वतःच्या हाताने खराब करायची! जाता जाता, ऑनलाइन 'आर्ट प्रिंट' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा स्कॅन करून इंकजेटवर काढलेलं पोस्टर असतं. पोस्टर घ्यायला हरकत नाही, पण पोस्टरच्या किमतीत घ्या.

भारतातलं एक छापाचित्र मात्र बघाच. अनुपम सूद, 'ऑफ वॉल्स', १९८२. जस्ताच्या पत्र्यावरचं एचिंग. एनसीईआरटीच्या बारावीच्या कलेच्या पुस्तकातसुद्धा आहे. सूद दिल्लीत शिकल्या, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या स्लेड स्कूलला गेल्या, परत आल्या. चित्रात फुटपाथवर एक बाई बसलीय. मागे भिंत, भिंतीवर अक्षरं कोरल्यासारखी. पुढे जमिनीवर झोपलेल्या गरीब माणसाचे फक्त पाय. आणि बाईला चेहराच नाही, चेहऱ्याच्या जागी पोकळी. बाकी सगळं इतकं खरं आहे की पहिल्यांदा माझी नजर त्या पोकळीवरून पुढे निघून गेली होती, आणि मग दचकून परत आली. फुटपाथवरच्या बाईकडे आपण असंच तर बघतो.

खड्ड्यातून निघालेला काळा रंग

खड्डा खोदायचा, खड्ड्यात काळं असतं, ते दाबाने वर आणायचं. एचिंगची ही रीत वाचताना माझ्या डोळ्यासमोर सारखं चंद्रपूर येत होतं.

वडशावरून बल्लारशाची गाडी पकडली की मूलपर्यंत जंगल आणि धानाच्या बांध्या. मग हळूहळू हवेचा रंग बदलतो. कोळशाच्या वाघिणी, मातीचे डोंगर झालेले ढिगारे, आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राची धुरांडी. २९२० मेगावॅट. आमच्याकडे कुरखेड्यात वादळ आलं की पहिली वीज जाते, ती वीज जिथे बनते ते हे ठिकाण. लहानपणी मला वाटायचं इतक्या जवळ बनते तर जाते कशी.

बल्लारपूरच्या पलीकडे, राजुरा तालुक्यात सास्ती नावाचं गाव आहे. कोळसा खाणीचं गाव. प्रभाकर पाचपुते तिथले, जन्म १९८६. घरातल्या पिढ्या खाणीत काम करत आलेल्या. ते खैरागडच्या विद्यापीठात शिल्पकला शिकले, मग बडोद्याला. आणि शेवटी त्यांनी हातात घेतला तो कोळसाच. चारकोल.

आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी मेसेज करायला नको. पाचपुते छापाचित्रांसाठी ओळखले जात नाहीत. ते चारकोलने कागदावर, कॅनव्हासवर आणि थेट भिंतीवर काढतात, शिल्पं करतात, चारकोलच्या चित्रांचं अॅनिमेशन करतात. तरी ते या भागात आहेत, कारण गोया, पोसादा, अर्न्स्ट यांनी जे काळ्या-पांढऱ्यात सुरू केलं त्याचं आपल्याकडचं टोक मला त्यांच्यात दिसतं. तेसुद्धा आमच्या शेजारच्या जिल्ह्यात.

त्यांची माणसं बघा. अंग मजुराचं आहे, कपडे, उभं राहणं, थकलेले खांदे सगळं तंतोतंत. पण डोक्याच्या जागी वस्तू आहे. कुठे दिवा, कुठे अवजार. कुठे माणूस आणि जनावर एक झालंय, कुठे माणूस आणि यंत्र. मोठ्या उजाड जमिनीवर ही माणसं उभी असतात आणि जमीन कुरतडलेली असते. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, नाव होतं 'कॅनरी इन अ कोलमाइन'. पूर्वी इंग्लंडच्या खाणींत कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून खाली नेत. विषारी वायू आला की आधी पक्षी पडायचा आणि माणसं पळायची. खाणीतल्या मजुराच्या चित्रांना हे नाव दिलं की प्रश्न पडतो, इथे पिंजऱ्यात कोण आहे?

हे दिव्याचं डोकं मला फार वेळ सतावत होतं. आधी वाटलं, साधं रूपक आहे. नंतर कळलं की जमिनीखाली ही जवळजवळ फोटोग्राफीच आहे. अंधारात समोरून माणूस येतो तेव्हा त्याचा चेहरा दिसतच नाही. हेल्मेटवरचा दिवा दिसतो, डोळे दिपतात, आणि दिव्याखाली एक अंग चालत येतं. बाहेरच्यांना जे अतिवास्तव वाटतं ते आत उतरणाऱ्याला रोजचं आहे. आणि आपण वर बटण दाबतो तेव्हा आपल्यालाही दिवाच दिसतो. माणूस कुठे दिसतो?

चारकोलची एक अडचण आहे, ती बोटाला लागते. भिंतीवर काढलेलं चित्र प्रदर्शन संपलं की पुसलं किंवा रंगवलं जातं. छाप्याचे वीस कागद वीस घरांत जगतात, भिंतीवरचा मजूर त्या भिंतीबरोबरच जातो. खाण कामगाराच्या बाबतीत ही गोष्ट मला नुसती तांत्रिक वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिजने पुसण्यालाच तंत्र केलं. चारकोलने काढायचं, कॅमेऱ्यात एक फ्रेम घ्यायची, थोडं पुसायचं, परत काढायचं. पुसल्याचे डाग पडद्यावर राहतात. त्याची १९९१ ची 'माइन' बघा. मालक पलंगावर बसून कॉफी गाळायचा दांडा दाबतो आणि तो दांडा पलंग फोडून, जमीन फोडून थेट खाणीत उतरतो, मजुरांमधून. केंट्रिज छापाचित्रंही भरपूर करतो, हे आपल्या विषयासाठी सांगून ठेवतो.

पाचपुत्यांचं काम पुढे लांब लांब गेलं. २०१४ ला साओ पाउलोचं द्वैवार्षिक प्रदर्शन. मग वेल्समधलं 'आर्टेस मुंडी'. वेल्स म्हणजे जुना कोळशाचा मुलूख, त्यांनी तिथला खाण कामगारांचा वारसा आणि आपल्याकडचा एकत्र आणून मोर्चातल्या निशाणांसारखी चित्रं केली. २०२१ मध्ये ते बक्षीस सहाही कलाकारांना मिळून दिलं गेलं, त्यात ते होते. २०२२ मध्ये व्हेनिसच्या मुख्य प्रदर्शनात होते. त्या प्रदर्शनाचं नाव 'द मिल्क ऑफ ड्रीम्स', लिओनोरा कॅरिंग्टन या अतिवास्तववादी चित्रकर्तीच्या पुस्तकावरून घेतलेलं. सास्ती ते व्हेनिस असा हा प्रवास, आणि आमच्या पट्ट्यातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? मला स्वतःला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं.

आता मी हे सगळं आत्ताच का सांगतोय. आमच्या जिल्ह्यात आता खोदकाम आलंय. एटापल्लीकडे सुरजागडला लोहखनिज निघतं. कुरखेड्याला लागून असलेल्या कोरचीत झेंडेपारच्या खाणीला ग्रामसभांचा विरोध राहिलाय. मी इथे बाजू मांडायला बसलो नाही. गावात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, आणि ज्याच्या घरी पगार येतो त्याला पुण्यातून उपदेश करायची माझी लायकी नाही. पण शाळेतला माझा एक मित्र खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. मागे त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. पाच जण उभे, सगळ्यांना हेल्मेट, गॉगल, नाकावर फडकं, वरून लाल धूळ. खाली लिहिलं होतं, "ओळख पाहू मी कोन्ता?"

मला ओळखता आलं नाही. मी अंदाजाने दुसरा म्हणालो. तो चौथा होता. आम्ही हसलो, पण फोटो मी अजून डिलीट केलेला नाही.

लिनोवरचे आबाजी

एवढं बोलल्यावर हात चालवून बघावा म्हणून मी पुण्यात एका रविवारी लिनोकटच्या कार्यशाळेला गेलो. लिनो एचिंगच्या नेमका उलटा. इथे जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, जे ठेवाल त्यावर शाई लागते. मऊ असतो, घाई केली की हत्यार सटकतं आणि बोटात जातं, माझ्या गेलं. सगळ्यांनी फुलं, मांजरी कोरल्या. मी आबाजी कोरायला घेतले. चेहरा मला जमणार नव्हता, म्हणून लग्नातल्या त्या पाठमोऱ्या फोटोवरून काढलं. पोक, खांद्यावर दुपट्टा, आणि डोक्याच्या जागी तेंदूपत्त्याचा पुडा, दोरीने बांधलेला. कला म्हणून त्यात काही दम नाही. सात छापे काढले, त्यातले तीन बरे निघाले.

दिवाळीला एक घरी नेला. आजीला काही न सांगता हातात दिला. तिने चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला.

"दुपट्टा या खांद्यावर नाही टाकत होते ते," ती म्हणाली. "तिकडच्या टाकत होते."

छापा उलटा येतो हे मी कोरताना विसरलो होतो.

कोटातला फोटो अजून दाराच्या वर आहे. आईचं म्हणणं, पाहुणे येतात, तो तिथेच राहू दे. लिनोचा छापा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वर सेलोटेपने चिकटवलाय. आजीने स्वतः चिकटवला.

तुमच्या घरी असा कोटातला कुणी असेल, ज्यांनी कधी कोट घातला नव्हता, तर त्यांच्याबद्दल दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा. फोटो नको, नुसतं सांगा की खरे कसे दिसायचे. पुढच्या भागात ऐकवतो.